श्रमप्रेरणा व मानवी गरजा : वैनगंगा खोऱ्यातील इतिहास

माणसाला कामास प्रवृत्त करणारी आणि हाती घेतलेले काम नेटाने पार पाडावयास लावणारी आंतरिक शक्ती म्हणजे श्रमप्रेरणा होय. ती त्याच्या गरजांतून उत्पन्न होते. अन्न, वस्त्र, निवारा व आरोग्य ह्या शारीरिक गरजा, जीविताची व उपजीविकेची सुरक्षितता, आपल्या माणसांत सामावून घेतले जाणे, मान, स्वतःच्या सामर्थ्याचा प्रत्यय आणि आपल्या कामासंबंधीच्या निर्णयात वाटा ह्यांचा मूलभूत गरजांत सामान्यतः समावेश केला जातो. काम करवून घेणारा गिरणीचा व्यवस्थापक असो, जंगलातील कूपाचा मक्तेदार असो वा गावचा पुढारी असो. ह्यांपैकी कोणत्या गरजा त्याने ओळखल्या व कोणत्या नाकारल्या, ह्यावर त्याच्या नेतृत्वाचे यशापयश पुष्कळ अंशी अवलंबून असते.

ह्या विषयाचा अभ्यास मुख्यतः कारखान्यांच्या संदर्भात झाला आहे. तथापि महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, ब्रह्मपुरीच्या भातशेतीपासून वैनगंगेपलीकडील धानोरा–भामरागडच्या जंगलांपर्यंत पसरलेल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनप्रदेशात श्रम आणि नेतृत्व ह्यांच्या संबंधाचे अनेक प्रयोग घडून आले. भाकरीचा प्रश्न सुटल्यावाचून मानाचा प्रश्न उद्‌भवत नाही, ह्या रूढ समजुतीची कसोटी ह्या प्रयोगांतून लागते.

उपपत्तींचा विकास : अमेरिकन अभियंता फ्रेडरिक विन्सलो टेलर ह्याने १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुराचे काम दिवसाला १२·५ टनांवरून ४७·५ टनांवर गेले व त्याची मजुरी १·१५ डॉलरवरून १·८५ डॉलर झाली, हे उदाहरण तो देत असे. काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक, हे प्रमाण त्याच्या टीकाकारांनी दाखवून दिले. मजूर हा प्रामुख्याने पैशासाठी काम करतो, हे त्याचे मूळ गृहीतक होते. त्यानंतर शिकागोनजीकच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ ह्या काळात झालेल्या प्रयोगांतून कामगारांचे परस्परसंबंध व त्यांच्याकडे दिले जाणारे लक्ष ह्यांचे महत्त्व पुढे आले. एल्टन मेयो ह्याच्या लेखनामुळे हे प्रयोग विशेष प्रसिद्धीस आले. पुढील संशोधकांनी मात्र त्यांच्या निष्कर्षांविषयी शंकाही घेतल्या.

अब्राहम मॅस्लो ह्या मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, मान आणि आत्माविष्कार अशी गरजांची पाच पायऱ्यांची श्रेणी मांडली. हा क्रम सर्व माणसांत व सर्व प्रसंगी अढळ असतो, असे त्याचे म्हणणे नव्हते. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतील सुपरिचित त्रिकोणही त्याच्या मूळ लेखात आढळत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग ह्याने १९५९ मध्ये असे प्रतिपादन केले, की वेतन व कामाची परिस्थिती वाईट असल्यास असंतोष उत्पन्न होतो. परंतु ती चांगली असल्याने आपोआप उत्साह उत्पन्न होत नाही. डग्लस मग्रेगर ह्याने १९६० मध्ये माणूस स्वभावतः कामचुकार असतो असे मानणारे नेतृत्व आणि तो जबाबदारी घेऊ इच्छितो असे मानणारे नेतृत्व ह्यांत भेद केला. पुढे एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन ह्यांनी स्वायत्तता, सामर्थ्य आणि आपलेपणा ह्या तीन मानसिक गरजांवर भर दिला. १९७६ मध्ये जिनीव्हा येथील जागतिक रोजगार परिषदेत आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने मूलभूत गरजांची संकल्पना विकासनीतीच्या केंद्रस्थानी आणली. त्या गरजांत अन्नवस्त्रांबरोबर लोकांच्या निर्णयातील सहभागाचाही उल्लेख होता.

प्रदेश व श्रमाचे स्वरूप : ब्रह्मपुरी हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वैनगंगेच्या पश्चिमेस वसले आहे. ह्या भागाला झाडीपट्टी असे म्हणतात. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील ब्रह्मपुरी व चांदा ह्या तहसिलींमधील जमीनदारी मुलूख एकत्र करून १९०५ मध्ये गडचिरोली तहसील निर्माण करण्यात आली आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे नदीच्या दोन्ही तीरांवरील श्रमजीवनाचा इतिहास बराचसा समाईक आहे. पावसाळ्यात धानाची रोवणी, हिवाळ्यात कापणी व मळणी, उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने वेचणे आणि उरलेल्या काळात बांबू व लाकूड तोडणे, असे येथील मजुराचे वर्ष विभागलेले असते. एकाच माणसाचा धनी ऋतुपरत्वे बदलतो. आज तो शेतकऱ्याकडे, उद्या वनखात्याकडे, परवा मक्तेदाराकडे कामाला असतो. त्यामुळे निरनिराळ्या प्रकारच्या नेतृत्वाची तुलना त्याच्या अनुभवातच होत राहते.

तलाव व तुकूम : चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याची पद्धती रूढ केली होती. अशा देणगीस तुकूम म्हणत. श्रमाचे फळ श्रम करविणाऱ्याच्याच पदरी पडेल अशी हमी ह्या पद्धतीत होती. पूर्व विदर्भात तलावबांधणीची कला अवगत असलेल्या कोहळी समाजाने ह्या कामी मोठा वाटा उचलला. मालगुजारी काळातही बहुतेक तलावांची देखभाल गावपातळीवर होत असे. पाळीवर माती टाकणे, गाळ काढणे, पाण्याच्या पाळ्या ठरविणे ही कामे मालगुजाराच्या देखरेखीखाली शेतकरी व मजूर करीत. ह्या व्यवस्थेत वेठीचाही अंश होता; मालगुजाराच्या शब्दाला नकार देणे गरीब कुळास परवडत नसे. परंतु तलाव भरला तर धान पिकेल आणि फुटला तर सगळ्या गावाचे नुकसान होईल, ही जाणीव सर्वांना होती.

मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली व तलावांची मालकी शासनाकडे गेली. वेठीचे जोखड दूर झाले ही निःसंशय मोठी सामाजिक प्राप्ती होय. मात्र देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे पुष्कळ ठिकाणी अनिश्चित राहिले. पूर्व विदर्भातील सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलावांपैकी अनेक गाळाने भरत गेले. ज्या शेतकऱ्याचा बाप पाळीवर माती टाकावयास जात होता, तो स्वतः सरकारी दुरुस्तीची वाट पाहू लागला. त्याची पाण्याची गरज पूर्वीइतकीच होती. तलावाविषयीचा निर्णय मात्र त्याच्या हाती उरला नव्हता. सक्ती काढून टाकली, पण तिच्या जागी सहभाग आला नाही, तर श्रमप्रेरणा आपोआप निर्माण होत नाही, असे ह्या अनुभवावरून दिसते.

वनश्रम व मक्तेदारी : १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांवर शासनाचे नियंत्रण वाढले व वनवासी हा आपल्याच जंगलात रोजंदारीचा मजूर ठरला. वनखात्याने काही ठिकाणी वनग्रामे वसविली. तेथील रहिवाशांस जमीन कसावयास मिळे व त्या बदल्यात वनकामासाठी मजूर पुरविण्याचे बंधन त्यांच्यावर असे. सागाचे कूप लिलावाने मक्तेदारांस दिले जात. १९४५ मध्ये बल्लारपूर येथे कागद उद्योगाचा पाया घातला गेल्यानंतर बांबूची मागणी वाढली आणि बांबूतोड हे मोठ्या प्रमाणावरील हंगामी काम बनले.

ह्या सर्व कामांत मजुरी नगावर किंवा बंडलावर ठरे. तेंदूपानांच्या संकलनात सामान्यतः ७० पानांचे एक पुडके बांधतात व अशा १,००० पुडक्यांचे एक प्रमाण गोणपाट धरतात. पहाटे जंगलात गेलेले कुटुंब दुपारपर्यंत पाने आणून पुडकी बांधते व सायंकाळी ती फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून देते. ही मोजणी मक्तेदाराच्या कारकुनाच्या हाती असे. पुडके लहान आहे, पान फाटके आहे, अशा कारणांवरून पुडकी नाकारली जाणे ही मजुरांची जुनी तक्रार होती. नगावर मजुरी देण्याची पद्धत टेलरच्या सिद्धांताशी वरवर जुळते. परंतु मोजमाप विश्वसनीय असले पाहिजे, ही त्या पद्धतीची पहिली अट येथे पुष्कळदा पाळली गेली नाही. आपली मोजणी खरी होईल असा भरवसा नसलेला मजूर अधिक काम करण्यापेक्षा कारकुनाची मर्जी राखण्याकडे वळतो. महाराष्ट्र शासनाने १९६९ च्या कायद्याने तेंदूच्या व्यापाराचे नियमन केले. तरीही मजुरीचा प्रश्न धुमसत राहिला आणि १९८० नंतर ह्या भागात शिरकाव केलेल्या नक्षलवादी चळवळीने तो आपला पाया विस्तारण्यासाठी वापरला. न्याय्य गाऱ्हाणे वैध मार्गाने ऐकले गेले नाही, तर त्याचे नेतृत्व बंदूकधाऱ्यांकडे जाते आणि त्याची झळ अखेर मजुरालाच बसते, हे पुढील दशकांत दिसून आले.

मक्तेदारास पर्याय म्हणून बाळासाहेब खेर ह्यांच्या मुंबई सरकारने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्थांना उत्तेजन दिले. कूपाचे काम मजुरांच्या संस्थेला मिळावे व नफ्यातून सभासदांचे कल्याण साधावे, हा तीमागील हेतू होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर विदर्भातही ही चळवळ पसरली [→ सहकार]. जेथे सभासदांना हिशेब कळत होता, तेथे मजुरी व वागणूक दोन्ही सुधारल्या. जेथे संस्था नावापुरती राहिली व कारभार जुन्याच हातांत गेला, तेथे मजुराच्या दृष्टीने केवळ धन्याचे नाव बदलले. १९७४ मध्ये वन विकास महामंडळ स्थापन झाल्यावर वनकामाचा काही भाग त्याच्याकडे गेला.

आनंदवनाचा प्रयोग : मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे (२६ डिसेंबर १९१४–९ फेब्रुवारी २००८) ह्यांनी वरोडा येथे केलेले कार्य श्रमप्रेरणेच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे [→ आमटे, बाबा]. ते पेशाने वकील होते. वरोडा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांची संघटना बांधली आणि त्यांच्या कामाचे स्वरूप कळावे म्हणून स्वतः मैला वाहण्याचे काम केले. रस्त्यात पडलेला एक कुष्ठरोगी पाहून आपण भीतीने दूर पळालो, ह्या जाणिवेने त्यांच्या जीवनास वेगळे वळण लागले. कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय रोगवैद्यक संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन त्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली. शासनाने दिलेल्या ५० एकर खडकाळ, झुडुपांनी भरलेल्या जमिनीवर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय व १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवनाचा आरंभ झाला. जून १९५१ मध्ये विनोबा भावे ह्यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले.

त्या काळी कुष्ठरोग्यास भिक्षा मिळत असे. धर्मशाळांच्या ओसरीवर व देवस्थानांच्या पायऱ्यांवर त्याचे पोट कसेबसे भरे. डॅप्सोन ह्या औषधामुळे रोग आटोक्यात आणणेही शक्य झाले होते. म्हणजे अन्न व औषध ह्या दोन्ही गरजा दयाबुद्धीने भागविता येण्यासारख्या होत्या. परंतु रोग बरा झालेल्या माणसालाही घर, गाव व जात पुन्हा पंखाखाली घेत नव्हती. दान माणसाला खचविते आणि काम त्याला उभे करते, अशी बाबा आमटे ह्यांची धारणा होती. म्हणून आनंदवनात पहिल्यापासून काम हाच उपचाराचा भाग मानण्यात आला. रोग्यांनी स्वतः विहीर खणली, जमीन साफ केली, भाजीपाला पिकविला. तो वरोड्याच्या बाजारात नेल्यावर लोक प्रथम विकत घेण्यास धजले नाहीत. १९५० नंतरच्या पाचसहा वर्षांत अनेक देशांतील तरुण स्वयंसेवकांनी आनंदवनात येऊन रोग्यांच्या बरोबरीने बांधकाम केले व त्यांच्यासह जेवणखाण केले. त्यानंतर गावकऱ्यांची भीती कमी होत गेली. पुढे हातमाग, सुतारकाम, पत्र्याच्या वस्तू, छपाई इ. उद्योग सुरू झाले. १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय निघाले आणि परिसरातील निरोगी मुले कुष्ठमुक्तांनी उभारलेल्या इमारतींत शिकावयास येऊ लागली. समाजाने ज्यांना बाहेर काढले, त्यांनीच समाजाला शाळा-महाविद्यालय दिले, असा हा उलटा प्रवास होता.

ह्या कार्याची संघटनात्मक बाजूही लक्षणीय आहे. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना नष्ट होते; भाजले अथवा कापले तरी कळत नाही. म्हणून काम वाटताना प्रत्येकाची शारीरिक मर्यादा ध्यानी घ्यावी लागते. एकाची बोटे झडलेली असतील, दुसऱ्याची दृष्टी गेलेली असेल, तर दोघांच्या उरलेल्या शक्तींची सांगड घालून काम पूर्ण करणे, ही पद्धत तेथे विकसित झाली. काय गेले ह्यापेक्षा काय उरले आहे हे पाहून कामाची रचना करणे, हे तीमागील सूत्र होय. १९६७ मध्ये मूल तालुक्यातील सोमनाथ येथे शेतीचा प्रकल्प सुरू झाला व तेथील उन्हाळी श्रमसंस्कार छावण्यांतून महाराष्ट्रभरच्या तरुणांना अंगमेहनतीची ओळख झाली. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात झाली, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांनी तो पुढे चालविला.

आनंदवनाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. एका असामान्य व्यक्तीच्या प्रभावावर उभी राहिलेली संस्था त्या व्यक्तीनंतर कोणत्या नियमांनी चालावी, हा प्रश्न अशा सर्व प्रयोगांपुढे उभा राहतो. जेथे नेत्याविषयीची भक्ती हीच प्रेरणा असते, तेथे नेत्याला प्रश्न विचारणे अवघड होते. आणि ज्यांना जाण्यास दुसरे ठिकाण नाही, अशांच्या संमतीचा अर्थही जपून लावावा लागतो.

मजुरीचे मोजमाप : कामातील मानाची चर्चा करताना पोटाचा हिशेब विसरला जाण्याचा धोका असतो. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वि. स. पागे ह्यांच्या प्रयत्नांतून आकारास आली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा हक्क मजुरास मिळाला, हे तिचे ऐतिहासिक वैशिष्ट्य होय. परंतु काम किती मजुरीवर, हा प्रश्न उरला होता. किमान मजुरी ठरविताना पागे समितीने केलेल्या हिशेबाची १९८० नंतर डॉ. अभय बंग ह्यांनी चिकित्सा केली. श्रम करणाऱ्या माणसाला लागणारे उष्मांक व अन्य गृहीतके ह्यांत गरज कमी धरली गेली आहे, असे त्यांनी दाखवून दिले. ह्या अभ्यासाच्या आधारे मजुरांच्या संघटनांनी आंदोलन केले व दिवसाला ४ रुपये असलेली मजुरी १२ रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. कुदळ मारणाऱ्या माणसाला किती भाकरी लागतात, हे ठरविण्यातील चूक लक्षावधी मजुरांच्या ताटात उतरते, हा ह्या प्रकरणाचा धडा आहे. शारीरिक गरज ही नेत्याच्या कल्पनेने ठरविण्याची बाब नसून मोजण्याची बाब आहे.

सामर्थ्याचा प्रत्यय : डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या सर्च ह्या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग १९९० नंतरच्या दशकात केला. त्यासाठी गावातीलच थोडे शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे व प्रसंगी इंजेक्शन देणे, ही एरवी डॉक्टरांसाठी राखून ठेवलेली कामे त्या करू लागल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सु. ६२ टक्क्यांनी घटले. पुढे ही पद्धती राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात स्वीकारली गेली. अवघड काम विश्वासाने सोपविणे, त्यासाठी पुरेसे शिक्षण देणे व त्याचे परिणाम काम करणारीलाच डोळ्यांनी दिसणे, ह्या तीन गोष्टी येथे एकत्र आल्या होत्या. स्वतःच्या हातून मूल वाचले हा अनुभव कोणत्याही बक्षिसाहून प्रभावी ठरतो. तरीही आरोग्यदूतांच्या कामास मोबदला होता, हे विसरता कामा नये.

मेंढा (लेखा) : गडचिरोलीपासून सु. ३० किमी. अंतरावर धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव आहे. १९८० नंतरच्या दशकात नियोजित धरणांविरुद्ध उभ्या राहिलेल्या जंगल बचाव–मानव बचाव आंदोलनातून तेथे स्थानिक स्वशासनाची चळवळ रुजली. देवाजी तोफा हे गावातील आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले कार्यकर्ते तिच्याशी निगडित होते. तेथील ग्रामसभेत सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांच्या सहमतीने निर्णय घेतले जातात. बहुमताने अल्पमत दडपण्याची पद्धत वर्ज्य मानली जाते. एखाद्या विषयाचा उलगडा होईपर्यंत अभ्यासगटात चर्चा होते व त्यानंतरच तो ग्रामसभेपुढे येतो. बाहेरील माणूस अभ्यासात साहाय्य करतो, परंतु निर्णयात मत देत नाही. नेतृत्वाने माहिती पुरवावी व निर्णय श्रमिकांवर सोडावा, अशी ही विभागणी आहे.

वनहक्क मान्यता अधिनियम २००६ अन्वये २००९ मध्ये मेंढा गावाला सु. १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वप्रथम मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. तथापि बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना कोणी द्यावयाचा, ह्यावरून वाद उद्‌भवला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश ह्यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हवाली करण्यात आले. त्यानंतर तोडीचे वेळापत्रक, मजुरी, विक्री व हिशेब ही सर्व कामे ग्रामसभा पाहू लागली. मजुरीचा काही भाग गावाच्या समाईक कोशात जमा होऊ लागला. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा मार्ग स्वीकारला. पूर्वी मक्तेदारासाठी बांबू तोडणारा तोच मजूर आता कोवळे कोंब राखून तोड करू लागला, कारण पुढील वर्षीची तोडही त्याचीच होती. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी नंतर तेंदू व बांबू ह्यांचे व्यवहार स्वतःकडे घेतले. बाजारभावातील चढउतार, खरेदीदारांकडील थकबाकी व हिशेबनिसांची उणीव ह्या अडचणी त्यांच्यापुढे आल्या. केवळ हक्क मिळाल्याने व्यवहारकौशल्य येत नाही.

सुरक्षितता : ब्रह्मपुरी वनविभाग ताडोबा–अंधारी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. संरक्षित क्षेत्राबाहेर असूनही येथे वाघांची संख्या मोठी आहे आणि गावे, धानाची शेते व जंगल परस्परांत मिसळलेले आहेत. एकविसाव्या शतकात मोहफुले व तेंदूपाने वेचण्याच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यांत माणसे मरण पावण्याच्या घटना येथे वारंवार घडल्या. त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. पहाटे जंगलात जाऊ नये, समूहाने जावे, वाकून काम करताना एकाने पहारा करावा, अशा सूचना वनखाते देते. परंतु मजुरी पुडक्यांच्या संख्येवर ठरत असल्याने लवकर जाणे व समूहापासून दूर पांगणे ह्यांतच वेचणारीचा फायदा असतो. येथे पोटाची गरज आणि जिवाची गरज ह्या एकमेकींच्या विरुद्ध उभ्या केल्या जातात. ह्या स्त्रीला धोका कळत नाही, हे म्हणणे बरोबर नाही; मजुरीची रचनाच तिला धोका पत्करावयास लावते. सुरक्षिततेच्या उपदेशाबरोबर कामाची व मोबदल्याची रचना बदलणे हे नेतृत्वाचे काम आहे. समूहाची मोजणी एकत्र करणे, पहारेकऱ्याची मजुरी हिशेबात धरणे, असे उपाय ह्या दृष्टीने विचारात घेता येतात.

श्रेय व मान्यता : ब्रह्मपुरीच्या शेजारील नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे (मृ. ३ जून २०१८) ह्यांनी १९८३ पासून आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून धानाचा एक नवा वाण सिद्ध केला. एका प्रसिद्ध मनगटी घड्याळाच्या नावावरून तो एचएमटी म्हणून ओळखला जाऊ लागला व महाराष्ट्राबाहेरही पसरला. त्यांच्या कामाला २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. वाणाच्या प्रसाराच्या मानाने त्यांना लाभलेले श्रेय व अर्थप्राप्ती फारच अल्प होती. अखेरच्या आजारात त्यांच्या कुटुंबास उपचारासाठी साहाय्याची अपेक्षा करावी लागली. कोणत्याही वरिष्ठाच्या आज्ञेवाचून माणूस वर्षानुवर्षे काम करीत राहतो, हे ह्या उदाहरणावरून दिसते. त्याचबरोबर अशा आंतरिक प्रेरणेचा लाभ घेणारा समाज तिचे मोल चुकविण्यास मात्र विसरतो, हेही त्यातून दिसते.

मूल्यमापन : वैनगंगा खोऱ्यातील ह्या इतिहासात गरजांच्या पायऱ्या एकापुढे एक अशा क्रमाने आढळत नाहीत. आनंदवनातील रोग्यांना मानाची ओढ होती ती पोट भरल्यावर नव्हे, तर भिकेच्या अन्नावर जगत असताना. मेंढ्यातील गावकऱ्यांनी निर्णयाचा हक्क मागितला तो श्रीमंती आल्यावर नव्हे. गरिबाला आधी भाकरी द्यावी, मानाचे व निर्णयाचे नंतर पाहू, ही भूमिका वरकरणी दयाळू असली, तरी ती त्याला कायमचा आश्रित ठरविते. उलट, कामातील आनंद, सेवाभाव वा मालकीची भावना ह्यांच्या नावाखाली मजुरी कमी देणे हीदेखील तितकीच मोठी फसवणूक होय. उष्मांकांच्या वादातून आणि तेंदूच्या मोजणीतून हीच गोष्ट स्पष्ट होते.

यशस्वी प्रयोगांत काही गोष्टी समान दिसतात. नेत्याने श्रमिकांचे काम स्वतः जवळून पाहिलेले होते. मोजमाप व हिशेब सर्वांस दिसण्याजोगे होते. प्रत्येकाच्या शक्तीनुसार कामाची आखणी झाली होती. आणि कामाचे फळ करणाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात होते. ह्यांपैकी एखादी गोष्ट निसटली, तर उरलेल्यांचे बळ कमी होते. मालगुजारी तलावांच्या इतिहासात फळ डोळ्यांपुढे असूनही निर्णय दूर गेला. सहकारी संस्थांत मालकी कागदावर आली, पण हिशेब कळेनासा झाला. श्रमिकाच्या गरजा बाहेरून ठरविण्याऐवजी त्यालाच विचारून ठरविण्याची व्यवस्था असणे, ही ह्या सर्व अनुभवांतून पुढे येणारी अट आहे. जंगलातील रोजंदारीपासून कारखान्यातील व कार्यालयातील कामापर्यंत ती सारखीच लागू पडते.